कशाची ददात नाही

शेवटच्या रविवारी आत्याने डबी माझ्या हातात दिली आणि ती काहीच बोलली नाही. एरवी ती डबी मीच फ्रिजवरून उचलायचे, कानाशी नेऊन हलवायचे आणि आत गोळ्या वाजल्या की परत जागेवर ठेवायचे. त्या दिवशी मी चपला काढून आत येते न येते तोच आत्या खुर्चीतून उठली, गुडघ्यावर हात दाबत फ्रिजपर्यंत गेली आणि डबी आणून माझ्या तळहातावर ठेवली. मी फोनवर होते. ऑफिसातल्या एका बाईंना कुठल्या कपाटाची किल्ली कुठे ठेवली आहे ते समजावून सांगत होते. एका कानाला फोन, दुसऱ्या कानाशी डबी. हलवली, वाजली. मी मान डोलावून ती आत्याला परत दिली आणि किल्लीचं बोलणं पुढे चालू ठेवलं. आत्याने डबी पदराला पुसली आणि पुन्हा फ्रिजवर ठेवली. मग आम्ही जेवलो. बांगड्याचं तिखलं होतं, भात होता, सोलकढी होती. निघताना मी नेहमीप्रमाणे विचारलं, "काही हवंय का?" आणि तिने नेहमीप्रमाणे सांगितलं, "माका काय नको गो. कशाची ददात नाय." मंगळवारी सकाळी मी ऑफिसला निघाले असताना तिच्या समोरच्या फ्लॅटमधल्या प्रियाचा फोन आला. "ताई, आजी दार उघडत नाहीयेत... आतून नुसता आवाज येतोय." गुरुवारी दुपारी परळच्या एका हॉस्पिटलात आत्या गेली.

मेंदूत रक्तस्राव झाला होता. मंगळवारी तिला आत नेल्यावर एक तरुण डॉक्टर कागद घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी मला विचारलं, "आजींचं बीपी खूपच वर गेलं होतं. गोळ्या रेग्युलर चालू होत्या ना?" मी म्हटलं, "एकदम रेग्युलर. दर रविवारी मी स्वतः चेक करते." त्यांनी तसं लिहून घेतलं. बोलताना माझ्या आवाजात जरा ऐटच होती, हे मला आज आठवतं. म्हातारी माणसं मुलांनी टाकलेली, गोळ्यांचा पत्ता नाही, असली प्रकरणं त्या रोज बघत असणार. आमच्याकडे तसं नाही, हे त्यांना कळावं असं मला वाटत होतं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नाव शेवंता. मी नऊ वर्षांची असताना माझी आई गेली आणि वडिलांनी मला गावाहून लालबागला तिच्याकडे पाठवून दिलं. चाळीत तळमजल्यावर दोन खोल्या, त्यात आत्या, गिरणीत जाणारे तिचे यजमान म्हणजे आमचे मामा, तीन वर्षांचा दिनेश, आता वरून मी, आणि दोन वेळा जेवायला येणारे वीस-पंचवीस मेंबर. आत्याची खानावळ होती. गिरण्यांत काम करणारे, बायकामुलं कोकणात ठेवून मुंबईत एकटे राहणारे बाप्ये आमच्याकडे जेवायचे. त्यांना मेंबर म्हणायचं. पाळी सुटली की पंगत बसायची आणि आत्या ताटांमधून वाकून फिरायची, कोणाला विचारायची नाही, ताटाकडे बघायची आणि वाढायची.

त्या स्वयंपाकघरात दोन शब्दांना बंदी होती. "नाही" आणि "संपलं". तांदूळ संपले, मीठ नाही, असं कोणी म्हणायचं नाही. भरल्या पंगतीत तर मुळीच नाही, पण रिकाम्या घरातही नाही. अन्नाच्या जागी तो शब्द काढला की ती गोष्ट घरातून उठून जाते, असं आत्याचं ठाम मत. मग तांदूळ खरोखरच तळाला गेले की काय करायचं? आत्या एवढंच म्हणायची, "डबा हलका झालाय गो निमू." की मी पिशवी उचलून कोपऱ्यावरच्या वाण्याकडे पळायचे. तेल, डाळ, कोकम, काहीही असो. डबा हलका, बाटली हलकी, बरणी हलकी. दिनेश बोलायला लागला तोच हे शिकत. मामांच्या तंबाखूची डबीसुद्धा हलकी व्हायची आणि दिनेश ती आणायला सगळ्यांच्या आधी धावायचा, कारण वाणी त्याला गूळ द्यायचा.

आणखी एक नियम होता. डबा पूर्ण रिकामा करायचा नाही. तळाला मूठभर तांदूळ ठेवायचे आणि नवे त्यांच्यावर ओतायचे. "जुन्यावर नवं पडाक व्हया," आत्या म्हणायची. मला हे माहीत नव्हतं तेव्हाची गोष्ट. येऊन दोन-चार महिने झाले असतील. आत्याला खूश करावं म्हणून एका दुपारी मी तांदळाचा मोठा पत्र्याचा डबा ओढत बाहेर काढला, तळातले तांदूळ पातेल्यात काढून घेतले, डबा राखेने लख्ख घासला आणि ओट्यावर पालथा घातला. आत्या बाजारातून आली, तिने तो पालथा डबा पाहिला आणि माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी भिंतीला जाऊन लागले. आयुष्यात तिने मला मारलं ते तेवढंच. मग तिने डबा पुसून कोरडा केला, शेजारणीकडून मूठभर तांदूळ हातात आणले, तळाशी टाकले, झाकण लावलं आणि त्यानंतर मला जवळ घेतलं. मी रडत होते. तीही रडत होती. पातेल्यात तांदूळ होते की, ते परत का नाही टाकले, असं मी विचारलं. तर म्हणाली, एकदा काढलेले ते जेवायचे. तो धपाटा माझ्या पाठीला आजही आठवतो. म्हणूनच पुढे जे घडलं त्याबद्दल मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय माझ्याकडे नाही.

आता "ददात" या शब्दाबद्दल. आत्या शाळेत गेलेली नव्हती आणि तिचं बोलणं सगळं मालवणी. त्यात हा एकच शब्द शाळेचा गणवेश घालून बसलेला. तो तिला मास्तरांनी दिला. मास्तर हे आमच्या मेंबरांपैकी एक, गिरणीत कारकून, संध्याकाळी रात्रशाळेत शिकवायचे. रविवारी जेवण झालं की ते भिंतीला टेकून बसायचे आणि मेंबर एकेक करून त्यांच्यासमोर पोस्टकार्ड धरायचे. गावाला काय कळवायचं ते मेंबर सांगत, मास्तर लिहीत. कोणी सांगो न सांगो, शेवटी मास्तर आपल्या मनाने एक ओळ घालायचेच: "आमची काळजी करू नये, येथे कशाचीही ददात नाही." कोणाचा पगार कापलेला असे, कोणाला खोकला लागलेला असे, एकाला तर राहत्या खोलीतून बाहेर काढलेलं, तो आमच्या ओट्यावर झोपायचा. त्याच्याही पत्रात तीच ओळ. आत्याने एकदा विचारलं, "मास्तरांनू, ददात म्हणजे काय ओ?" मास्तर म्हणाले, "वहिनी, घरात काही कमी असलं आणि ते कमी असणं जाणवायला लागलं, की त्याला ददात म्हणायचं." आत्याने जरा विचार केला आणि म्हणाली, "मग आमच्याकडे ती नाय." मास्तर हसले. "तेच तर लिहितो मी."

मी सरकारी ऑफिसात भांडार विभागात नोकरी करते. काय आहे, काय कमी आहे, हे बघायचं माझं काम, त्यामुळे या जातीच्या शब्दांशी माझी रोजची उठबस. तुटवडा मालाचा असतो, तो रजिस्टरात लिहिता येतो. उणीव माणसाची भासते, तिच्यासाठी सभा भरवतात आणि वर्तमानपत्रात "कधीही भरून न येणारी" वगैरे छापतात. वानवा चांगल्या गोष्टींची, ती म्हणताना माणूस थोडा कुरकुरतो. ददात मात्र घराची आहे. तेल-मिठाची, अंगावरच्या कपड्याची, दिव्यातल्या वातीची. आणि ती कधी एकटी फिरत नाही. ददात नाही, ददात नव्हती, ददात पडू दिली नाही. पुढे नकार असल्याशिवाय तिला बाहेर पडायची परवानगीच नाही. "मला ददात आहे" असं म्हणालेलं माणूस मी तरी पाहिलेलं नाही. इतकी वर्षं मला त्यात मोठेपणा दिसायचा. आपली माणसं किती मानी, नसलं तरी म्हणत नाहीत, असं. हल्ली तसं वाटत नाही.

गिरण्यांचा संप लांबला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. मेंबर एकेक करून गावाला गेले. पंगतीत सहा ताटं उरली, मग चार. मामा दिवसभर नाक्यावर बसायचे. संध्याकाळी आत्या पेज करायची आणि दिनेशला नि मला आधी वाढायची. "तू?" असं विचारलं तर म्हणायची, "मी मगाशीच जेवलंय." त्याच दिवसांत मास्तरही निघाले. जायच्या आधी ते आत्याला म्हणाले, "वहिनी, भावाला पत्र लिहू? निमूला काही दिवस गावी पाठवायचं का, विचारतो." माझ्या वडिलांना लिहायचं होतं. मी दाराशी बसले होते. मला परत जायचं नव्हतं. आत्या म्हणाली, "तीच ओळ लिवा." मास्तर म्हणाले, "वहिनी, खरं लिहिलं तर चार पायली तांदूळ तरी येतील गावाहून." आत्या म्हणाली, "तीच लिवा." मास्तरांनी लिहिलं. मी राहिले. शिकले, नोकरीला लागले, आज जी काही आहे ती त्या एका ओळीमुळे आहे. ती ओळ खोटी होती. मला ती त्या दिवशी फार आवडली होती.

चाळ पाडून तिथे टॉवर झाला, आत्याला एकोणिसाव्या मजल्यावर घर मिळालं. मामा तोवर गेले होते. दिनेश दुबईला नोकरीत. मी एकटी, अँटॉप हिलच्या सरकारी क्वार्टर्समध्ये. माझ्याकडे ये म्हटलं तर आत्या म्हणायची, "माझो डबो हयच बरो." चाळ होती तेव्हा शेजारचा औषधवाला तिच्या बीपीच्या गोळ्या लक्षात ठेवून माणसाबरोबर घरी पाठवायचा. बांधकामात त्याचं दुकान पलीकडच्या रस्त्याला गेलं. गुडघा धड होता तोवर आत्या स्वतः जायची, मग गोळ्या मी आणायला लागले. पाकिटातून काढून ती त्या मामांच्या तंबाखूच्या स्टीलच्या डबीत ठेवायची, कारण पाकिटातून गोळी दाबून काढणं तिच्या बोटांना जमत नव्हतं. किती उरल्या विचारलं की उत्तर एकच, "आहेत." म्हणून मी डबी हलवून बघायला लागले. मागच्या वेळी किती आणल्या, कधी आणल्या, हे मी कुठे लिहून ठेवलं नव्हतं. ऑफिसात खोडरबर आले तरी त्याची नोंद करणारी बाई मी.

आत्या गेल्यानंतर पाचव्या दिवशी मी तिच्या घरी एकटी होते. दिनेश विधींचं सामान आणायला दादरला गेला होता. फ्रिज पुसताना डबी हातात आली. सवयीने कानाशी नेली, हलवली. वाजली. मग काय वाटलं कोण जाणे, झाकण काढलं. आत एक गोळी होती. एकच.

मी खाली बसले. थोड्या वेळाने उठून स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी राहिले. आत्या सकाळी गोळी घेतली की त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीने एक टिंब द्यायची, हे मला माहीत होतं. तिच्या या शिस्तीचं मी ऑफिसात कौतुकही करायचे. टिंबं एका शुक्रवारी थांबली होती. पुढे शनिवार कोरा, रविवार कोरा, मग अख्खा आठवडा कोरा, पुन्हा रविवार, सोमवार. दहा चौकोन. त्यातले दोन रविवार माझे. दोन्ही रविवारी मी डबी हलवली होती, आणि दोन्ही वेळा ती एकच गोळी मला वाजून दाखवत होती, की आहे. आत्याने शुक्रवारी शेवटून दुसरी गोळी घेतली आणि शेवटची तळाला ठेवली. नवं येईल, जुन्यावर पडेल, म्हणून. आणि मग मला पहिला रविवार आठवला. मी वर्तमानपत्र चाळत होते आणि आत्या ओट्याकडून म्हणाली होती, "डबी जरा हलकी झालीय गो." मी पेपरातून डोकं वर न काढता म्हटलं होतं, "हलकी तर हलकी. वाजतेय ना?"

नऊ वर्षांची असते तर पिशवी घेऊन पळाले असते.

मी डबी पर्समध्ये टाकली. कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, गुंडाळलं आणि तेही पिशवीत घातलं. चोरलं म्हणा. दिनेश आला, हातपाय धुऊन भिंतीकडे बघत म्हणाला, "ताई, इथलं कॅलेंडर कुठे गेलं?" मी म्हटलं, "काढलं. दुधाच्या खुणा नि काय काय... कशाला ठेवायचं?" तो भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला असं मला वाटलं. मग तो सामानाच्या पिशव्या उघडायला लागला.

तेराव्याला घर भरलं होतं. जेवणं झाल्यावर दिनेश सगळ्यांसमोर उभा राहिला. बोलायची त्याला सवय नाही, हात एकमेकांत चोळत होता. म्हणाला, "मी लांब होतो. पण ताई होती. ताईमुळे आईला शेवटपर्यंत कशाची ददात नव्हती." बायकांनी पदर डोळ्यांना लावले, कोणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला. धपाटा बसला होता नेमक्या त्याच जागी. मी हात जोडून मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, विनय. पर्स माझ्या मांडीवर होती आणि डबी पर्समध्ये होती. मी हलले असते तर ती वाजली असती.

दिनेश दुबईला गेला. मी ओळखीच्या एका डॉक्टरांना गाठून, दुसऱ्याच कोणाची तरी गोष्ट असल्यासारखं विचारलं. ते म्हणाले, "सांगता येत नाही हो. गोळ्या चालू असतानाही या वयात होतं. पण दहा दिवस म्हणजे... घ्यायला हव्या होत्या." या उत्तराने माझी सुटका केली नाही आणि मला दोषीही ठरवलं नाही. घरी येऊन मी वेड्यासारखं एक केलं. बाजारातून पेपरमिंटच्या लहान गोळ्या आणल्या, डबीत आधी दहा टाकून हलवल्या, मग एक टाकून हलवली. आवाज वेगळा येतो. दहा गोळ्यांचा भरीव येतो, एकीचा टकटक. अगदी सहज ओळखू येतो, लक्ष असेल तर.

सहा आठवडे मी दिनेशशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. दर वेळी तो म्हणायचा, "तू होतीस म्हणून, ताई." शेवटी एका रविवारी मी त्याला सगळं सांगितलं. डबी, टिंबं, दोन्ही रविवार, "वाजतेय ना" हे माझं वाक्यसुद्धा. कॅलेंडर मी का नेलं, तेही. तो ऐकत होता. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "तू डबी उघडून नाही बघितलीस?" मी म्हटलं, "नाही." पलीकडून फोन बंद झाला.

त्यानंतर अकरा दिवस त्याचा फोन नाही. मी दोनदा केला, त्याने उचलला नाही. मला या जगात नात्याचं म्हणावं असं तेवढं एकच माणूस उरलं आहे. तो तीन वर्षांचा असल्यापासून मी त्याला कडेवर घेऊन वाण्याकडे नेलेलं आहे. तो आता कधीच बोलणार नाही, अशी मी मनाची तयारी करत होते आणि ती होत नव्हती. ऑफिसात एकदा चक्कर आली, बीपी तपासलं तर ते चांगलंच वर. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. चिठ्ठीवर आत्याच्याच गोळीचं नाव होतं.

बाराव्या दिवशी त्याचा फोन आला. आधी नुसतं "ताई" म्हणाला. मग म्हणाला, "त्या बुधवारी आईशी बोललो होतो मी. मधल्या बुधवारी. ती म्हणाली, डबी हलकी झाली रे बाबू." तो पुढे म्हणाला, "मला कळलं होतं, ताई. तिथल्या तिथे कळलं होतं. तंबाखूची डबी आणायला मीच पळायचो ना? इथून मोबाइलवर मागवली असती तर तासाभरात तिच्या दारात आली असती. मी गाडी चालवत होतो. म्हटलं, ताई येतेय ना रविवारी, तिला सांग. आणि विसरलो... एकदम विसरलो." तो रडत होता. "मला ते आठवलं ते भिंतीवरचा रिकामा खिळा बघून, तिथल्या कॅलेंडरवरच आई गोळीची टिंबं द्यायची ना. तेराव्याला तुझं कौतुक केलं ना, ते कशाला केलं माहितीय? मला भीती वाटत होती, तू विचारशील, तुला काही बोलली होती का रे? म्हणून आधीच बोलून टाकलं." मग आम्ही दोघंही रडलो. एकमेकांना काही समजावलं नाही. समजावण्यासारखं त्यात काही नव्हतं. तिने दोघांनाही सांगितलं होतं, तिच्या भाषेत, जी तिने दोघांना भाताबरोबर भरवली होती. आणि आम्ही दोघांनीही ती ऐकून पुढच्या माणसाच्या अंगावर ढकलली.

आत्याचा मला राग येतो, हेही लिहून टाकते. अगं बाई, एकदा सरळ म्हणायचंस, गोळ्या संपल्या. कुठलं अन्न उठून जाणार होतं? संपात उपाशी राहिलीस ते आम्हाला कळू दिलं नाहीस, एक वेळ समजू शकते, आम्ही पोरं होतो. पण आता पोरं पन्नाशीला आली होती. आणि मग वाटतं, तिने ती डबी आणून माझ्या हातात दिली. गुडघ्यावर हात दाबत, उठून, चालत जाऊन. तिच्यासारख्या बाईने याहून मोठ्याने आणखी काय ओरडायचं असतं? मास्तरांनी तिला सांगितलं होतं, कमी असणं जाणवायला लागलं की ददात. मला ती आता रोज आहे. असं म्हणायची पद्धत नाही, हे ठाऊक असूनही लिहिते आहे.

ती स्टीलची डबी आता माझ्या फ्रिजवर असते. आत्याची शेवटची गोळी मी लाल कागदात गुंडाळून तळाला ठेवली आहे, चुकून तोंडात जाऊ नये म्हणून, आणि माझ्या गोळ्या तिच्यावर ओतते. तेवढा नियम मी ठेवला. दर रविवारी सकाळी दिनेशचा फोन येतो आणि इकडचं तिकडचं काही न बोलता तो पहिल्यांदा विचारतो, "किती?" मी झाकण काढते, मोजते आणि आकडा सांगते. परवाच्या रविवारी झाकण काढलं तर आत फक्त तो लाल कागद होता. "किती, ताई?" त्याने विचारलं. आहेत रे, कशाची ददात नाही... हे अगदी जिभेवर आलं होतं. मी डबी टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "संपल्या."

मग दिनेश म्हणाला, "परत म्हण."

मी परत म्हटलं.